मोजले बल, विकली ऊर्जा

धातूचे दोन सपाट पत्रे निर्वातात समोरासमोर धरले, त्यांच्यावर विजेचा भार राहणार नाही याची काळजी घेतली आणि मधले अंतर पुरेसे कमी केले, की ते एकमेकांकडे ओढले जातात. हॉलंडमध्ये, आइंडहोव्हेनच्या फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या हेंड्रिक कासिमिर यांनी १९४८ साली हे गणिताने मांडले आणि पुढे प्रयोगांनी ते खरे ठरवले. इथपर्यंत माझे कुणाशी भांडण नाही. भांडण आहे ते पुढच्या वाक्याशी: ‘म्हणजे निर्वातात अफाट ऊर्जा भरलेली आहे हे सिद्ध झाले, आता ती काढून घ्यायचे तंत्र तेवढे सापडायचे आहे.’ साताऱ्या-सांगलीकडे हे वाक्य व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून ऐकू येते, मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत ऐकू येते आणि ज्यांच्याकडून अपेक्षा नसते अशा इंजिनिअर मंडळींकडूनही ऐकू येते. बहुतेक वेळा त्याला एक शेपूटही असते, ‘आपल्या ऋषिमुनींना हे आधीच ठाऊक होते.’ शेपटाचे नंतर पाहू.

आधी आकडा, कारण हे वाक्य बोलणारे नेमका तोच टाळतात. एक चौरस सेंटिमीटरचे दोन पत्रे घ्या आणि त्यांच्यात एक मायक्रोमीटरचे अंतर ठेवा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून हे अंतर किती ते ध्यानात येईल. कासिमिरच्या सूत्राप्रमाणे या पत्र्यांमधली ओढ होते १३ मायक्रोग्रॅम वजनाइतकी. तांदळाचा एक दाणा सुमारे २० मिलिग्रॅमचा धरला, तर ही ओढ त्या एका दाण्याच्या वजनाचा पंधराशेवा हिस्सा.

तांदळाचे माप मुद्दाम घेतले. ‘राइस पुलर’ नावाची फसवणूक वाचकांच्या परिचयाची असेल. जुने तांब्याचे भांडे, त्यात म्हणे ‘इरिडियम’, ते तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढते, आणि म्हणून परदेशातली अंतराळ संस्था ते कोट्यवधी रुपयांना विकत घेणार आहे. देशात ठिकठिकाणी पोलिसांनी अशा टोळ्या पकडल्या, तरी धंदा बंद पडत नाही. त्या टोळीचा युक्तिवाद असा: ओढ दिसली, म्हणजे आत शक्ती आहे, शक्ती आहे, म्हणजे ती काढता येईल, काढता येईल, म्हणजे पैसे लावा. कासिमिरच्या नावाने बोलणारी मंडळी लबाड असतात असे मी म्हणत नाही, बहुतेक जण मनापासून बोलतात. पण त्यांच्या तर्काच्या पायऱ्या याच आहेत, आणि पहिल्या पायरीवरून दुसरीवर पाय टाकतानाच ते घसरतात.

यावर ठरलेले उत्तर येते: अंतर कमी करा की! बरोबर, अंतर निम्मे केले की ओढ १६ पट होते, कारण ती अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. दहा नॅनोमीटरवर गेलो तर सूत्र सांगते की पत्र्यांवर जवळजवळ वातावरणाच्या दाबाइतका दाब येईल. हा आकडा सांगताना वक्त्याचा आवाज चढतो. सूत्र मात्र आदर्श धातूसाठी आहे. खऱ्या सोन्याचा पत्रा इतक्या कमी अंतरावर महत्त्वाच्या असलेल्या लहरी पूर्ण परतवत नाही, त्यामुळे खरी ओढ बरीच कमी भरते. शिवाय एक चौरस मीटरचे दोन पत्रे दहा नॅनोमीटरवर, कुठेही न टेकता, समांतर धरून ठेवणे आजवर कुणाला जमलेले नाही. तरी घटकाभर सगळे मान्य करू. आदर्श धातू, एक चौरस मीटर, पत्रे दुरून येऊन दहा नॅनोमीटरवर थांबले. मिळालेली ऊर्जा किती? अर्ध्या मिलिज्यूलहूनही कमी. तांदळाचे दोन दाणे एक मीटर वर उचलून ठेवायला पुरेल एवढी. तीही एकदाच. दुसऱ्यांदा हवी असेल तर पत्रे पुन्हा लांब ओढायला हवेत, आणि त्याला तेवढीच ऊर्जा आपल्या खिशातून घालावी लागते.

हे भल्याभल्यांच्या नजरेतून निसटते म्हणून जरा थांबून सांगतो. कोयनेचे प्रकल्प १९६० मेगावॉट क्षमतेचे आहेत ते केवळ पाणी खाली पडते म्हणून नव्हे. सूर्य दरवर्षी ते पाणी समुद्रातून उचलून सह्याद्रीच्या डोक्यावर आणून ठेवतो, म्हणून. कासिमिरचे पत्रे एकदा जवळ आले की त्यांना पुन्हा लांब नेऊन ठेवणारा सूर्य कोण? या प्रश्नाला आजवर मला उत्तर म्हणून ‘संशोधन सुरू आहे’ एवढेच मिळाले आहे. रॉबर्ट फॉरवर्ड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९८४ साली निर्वाताच्या ‘बॅटरी’ची कल्पना खरोखरच एका संशोधनपत्रिकेत मांडली होती: भारित, अतिपातळ पत्र्यांची चळत हळूहळू दबत जाते आणि वीज देते. त्या लेखाचा हवाला देणारे सांगत नाहीत ते असे, की चळत एकदा दबली की संपली. पुन्हा उलगडायची तर दिलेली वीज परत घ्या. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही.

आपल्या राज्याच्या सीमेपलीकडचेच एक उदाहरण आहे. कारवारजवळच्या कैगा अणुऊर्जा प्रकल्पाचे प्रमुख राहिलेले परमहंस तिवारी यांनी अवकाशातूनच ऊर्जा खेचणाऱ्या जनित्राचा दावा कित्येक वर्षे केला. यंत्राची कार्यक्षमता शंभर टक्क्यांहून अधिक असल्याचे ते सांगत. माणूस अशिक्षित नव्हता, अणुभट्टीची जबाबदारी पेललेला अभियंता होता. तो दावा भौतिकशास्त्राने स्वीकारला नाही. कारण शास्त्रज्ञांचा अहंकार नव्हे. आत गेलेली आणि बाहेर आलेली वीज यांचा हिशेब कुणाही त्रयस्थाला स्वतःच्या मीटरवर, स्वतःच्या प्रयोगशाळेत लावता यायला हवा, एवढीच अट असते. पदवी आणि पद यांनी ही अट सैल होत नाही.

आता जरा अवघड प्रतिपक्षाकडे वळतो. ऊर्जा काढता येत नाही हे मान्य करूनही काही जण म्हणतात, ‘ठीक, पण ती आहे हे तरी सिद्ध झाले ना?’ हे म्हणणारे केवळ भाबडे वक्ते नाहीत. पदार्थविज्ञानाच्या कित्येक पुस्तकांत कासिमिर परिणाम हा निर्वातातल्या शून्यबिंदू ऊर्जेचा प्रायोगिक पुरावा म्हणून छापला जातो. तेव्हा उत्तर नीट द्यायला हवे.

कासिमिर या प्रश्नाकडे निर्वाताचे तत्त्वज्ञान करत आले नव्हते. फिलिप्समध्ये द्रवात तरंगणाऱ्या बारीक कणांच्या गढूळ मिश्रणांवर काम चालले होते. फेरवाय आणि ओव्हरबेक यांच्या मोजमापांवरून दिसत होते की रेणूंमधली नेहमीची व्हान डर वाल्स ओढ लांबच्या अंतरावर जुन्या सूत्रापेक्षा भरभर कमी व्हायला हवी. प्रकाशाला एका रेणूकडून दुसऱ्याकडे जायला वेळ लागतो, त्यामुळे ओढ लांब अंतरावर ढिली पडते, हे कासिमिर आणि पोल्डर यांनी गणिताने दाखवले. उत्तर इतके सुटसुटीत आले की कासिमिर चकित झाले. त्यांनी ते नील्स बोर यांच्या कानावर घातले, आणि याचा शून्यबिंदू ऊर्जेशी काहीतरी संबंध असावा असे बोर पुटपुटले, अशी आठवण कासिमिर यांनीच सांगितली आहे. त्या सूचनेतून पत्र्यांचे सूत्र निघाले. म्हणजे मूळ प्रश्न पदार्थाचा होता. निर्वाताची भाषा सोय म्हणून आली.

त्यानंतर रशियात येवगेनी लिफ्शिट्झ यांनी १९५० च्या दशकात हीच ओढ दुसऱ्या वाटेने काढली. त्यांच्या गणितात पत्र्यांमधल्या विद्युतप्रवाहांचे बारीक थरथरणे आहे आणि पदार्थ प्रकाशाला कसा प्रतिसाद देतो त्याचे आकडे आहेत. आदर्श धातूची मर्यादा घेतली की उत्तर कासिमिरचेच येते. सोने, सिलिकॉन, काच यांचे खरे आकडे घातले की खऱ्या पदार्थांची ओढ मिळते. एमआयटीच्या रॉबर्ट जॅफी यांनी २००५ मध्ये मुद्दा आणखी टोकदार केला. कासिमिरच्या सूत्रात प्लांकचा स्थिरांक आहे, प्रकाशाचा वेग आहे, अंतर आहे; इलेक्ट्रॉनचा विद्युतभार कुठेच नाही. त्यामुळे वाटते की ओढ पत्र्यांची नव्हेच, मधल्या रिकामपणाची आहे. जॅफी म्हणतात, भार दिसत नाही कारण आदर्श धातू गृहीत धरताना तो अनंत मानल्यासारखाच होतो. खऱ्या धातूत प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांची जोडणी कल्पनेने शून्याकडे नेली, की ओढही शून्याकडे जाते. निर्वातातल्या स्वयंभू ऊर्जेने असे का वागावे?

याचा अर्थ शून्यबिंदू ऊर्जेची भाषा चुकीची, असेही मी म्हणणार नाही. तीही त्याच उत्तराला पोहोचते. पण दोन हिशेब एकच आकडा देत असतील, तर तो आकडा मोजून त्यांपैकी एकच खरा कसा ठरेल? आणि निर्वाताच्या ऊर्जेचे भाबडे गणित शब्दशः खरे मानायचे, तर तिचे वजनही मानावे लागते. ते मानून सगळ्या लहरींची ऊर्जा बेरजेला घेतली, तर विश्वाच्या प्रसरणावरून दिसते त्याहून एकावर सुमारे १२० शून्ये इतक्या पटींनी मोठे उत्तर येते. पुण्याच्या आयुकात थानू पद्मनाभन यांनी या कोड्यावर कित्येक वर्षे घालवली. २०२१ मध्ये ते गेले तेव्हा कोडे तसेच होते, आजही तसेच आहे. ज्या बेरजेचा ताळा एवढा चुकतो, ती ‘सिद्ध झाली’ म्हणून व्यासपीठावरून सांगायला छाती लागते.

या मंडळींवर माझा खरा राग मात्र वेगळ्या कारणाने आहे. ‘सिद्ध झाले’ हे दोन शब्द उच्चारून ते या विषयातला सगळ्यात रसाळ भाग फेकून देतात. तो भाग म्हणजे मोजणी.

किर्लोस्करवाडीच्या किंवा मिरज-कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही टूलरूममध्ये स्लिप गेजचा संच असतो. पोलादाचे आरशासारखे घासलेले छोटे ठोकळे. दोन ठोकळे पुसून, एकमेकांवर सरकवून किंचित पिळले की असे चिकटतात की सरळ ओढून सुटत नाहीत. मधली हवा निघून गेली म्हणून चिकटले, असे कारण सर्रास सांगितले जाते. ते अपुरे आहे, कारण निर्वातातही ते चिकटलेले राहतात. तेला-पाण्याचा अतिपातळ थर आणि पृष्ठभागांच्या रेणूंमधली ओढ यांचे ते काम आहे. हाताखालचा ठोकळाही इतका फसवा, की त्यात किती वाटा कशाचा हे सांगायला नुसते चिकटणे पुरत नाही. कासिमिरची ओढ वेगळी काढायची म्हणजे तेल नको, ओल नको, धूळ नको, वीज नको, आणि पृष्ठभाग टेकायलाही नकोत.

फिलिप्समध्येच मार्कस स्पार्नाय यांनी १९५८ साली धातूच्या समांतर पत्र्यांवर प्रयत्न केला. त्यांच्या निकालातली अनिश्चितता जवळजवळ शंभर टक्के होती, आणि त्यांनी निष्कर्षही तेवढाच लिहिला: मोजमाप कासिमिरच्या भाकिताच्या विरोधात जात नाही. आपल्याकडच्या व्याख्यानांत हाच प्रयोग ‘१९५८ मध्ये सिद्ध झाले’ असा येतो! समांतर पत्रे समांतर ठेवणे इतके जिकिरीचे, की नंतरच्या बहुतेकांनी एक पृष्ठभाग सपाट आणि दुसरा गोल घेतला. गोलाला समांतर करावे लागत नाही. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात स्टीव्ह लॅमोरो यांनी १९९७ मध्ये सोन्याचा मुलामा दिलेले भिंग आणि पट्टी घेऊन पिळाच्या तराजूने ०.६ ते ६ मायक्रोमीटर अंतरावर मोजणी केली, पाच टक्क्यांच्या आसपास जुळल्याचा दावा केला, आणि पुढच्याच वर्षी त्या लेखाची दुरुस्तीही छापली. समांतर पत्र्यांचा मूळ प्रयोग नीट जमायला २००२ उजाडले. तो इटलीत पाडोव्हाला झाला आणि तिथेही अचूकता १५ टक्क्यांचीच होती.

१९९८ सालचा प्रयोग मला सर्वांत आवडतो. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला उमर मोहिदीन आणि अनुश्री रॉय यांनी तो केला. रॉय पुढे खरगपूरच्या आयआयटीत प्राध्यापक झाल्या. पॉलिस्टायरीनचा सुमारे २०० मायक्रोमीटर व्यासाचा गोळा, त्यावर अॅल्युमिनियमचा थर, आणि तो गोळा चिकटवला अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या लवचीक कांडीच्या टोकाला. खाली तसाच मुलामा दिलेली सपाट पट्टी. पट्टी जवळ येते, कांडी वाकते, तिच्यावरून परतणारा लेसरचा ठिपका सरकतो. एवढाच खेळ.

पण यातला धोका बघा. असा गोळा पट्टीपासून १०० नॅनोमीटरवर असला, तर आदर्श धातूच्या सूत्राने ओढ येते सुमारे २७० पिकोन्यूटन. आता गोळा आणि पट्टी यांच्यात विजेचा नुसता ०.१ व्होल्टचा फरक राहिला असे समजा. साधे विद्युतशास्त्राचे सूत्र लावले तर त्याची ओढही जवळजवळ तेवढीच, सुमारे २८० पिकोन्यूटन भरते! अंतर एक मायक्रोमीटर केले तर विजेची ओढ कासिमिरच्या शंभरपट होते, कारण ती इतकी भरभर कमी होत नाही. दोन्हीकडे एकच धातू असला तरी काही मिलिव्होल्टचा फरक हटकून राहतो. स्फटिकांचे कण वेगवेगळ्या दिशांनी बसलेले असतात, कुठे हवेतला रेणू चिकटलेला असतो, त्यामुळे एकाच थरावर विजेचे ठिगळ पडलेले असते. ते मोजून वजा करायचे. शिवाय शून्य अंतर कुठून मोजायचे? पृष्ठभागावर उंचवटे असतात, त्यांची टोके आधी टेकतात. शंभर नॅनोमीटरमध्ये एका नॅनोमीटरची चूक झाली, तर गोळ्यावरच्या ओढीत तीन टक्क्यांची चूक होते. मोहिदीन आणि रॉय यांनी हे सगळे हिशेब मांडून सर्वांत कमी अंतरावर एका टक्क्याच्या अचूकतेचा दावा केला. त्या एका टक्क्यात जेवढे शास्त्र आहे, तेवढे ‘निर्वातात ऊर्जा आहे’ या घोषणेत नाही.

वाद मिटलेला आहे असेही नाही. धातूतले इलेक्ट्रॉन धडका खात ऊर्जा गमावतात असे धरून ओढ काढायची, की ते बिनविरोध वाहतात असे धरून? पहिली पद्धत रोजच्या अनुभवाला पटते, कारण तार तापते. २०११ मध्ये लॅमोरो आणि सहकाऱ्यांनी ०.७ ते ७ मायक्रोमीटरवर मोजून पहिल्या पद्धतीच्या बाजूने कौल दिला, पण त्यासाठी विजेच्या ठिगळांचा मोठा वाटा वजा करावा लागला. इंडियानापोलिसच्या रिकार्डो डेक्का यांची कमी अंतरावरची मोजमापे नेमकी दुसरीकडे झुकतात. इतक्या वर्षांनी, इतक्या बारीक हातांनी मोजूनही, साध्या सोन्याबद्दलचा एक साधा प्रश्न खुला आहे. आणि आमचे वक्ते विश्वाच्या ऊर्जेचा निकाल लावून मोकळे!

शेपटाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. उपनिषदांत किंवा नासदीय सूक्तात रिकामपणाबद्दल खोल चिंतन आहे, ते वाचावे, त्याचा अभिमानही बाळगावा. पण कासिमिरचा शोध म्हणजे ‘रिकामे रिकामे नसते’ हे सुभाषित नव्हे. ओढ अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, हा तो शोध. ज्याला हे प्राचीन ग्रंथात सापडले असेल त्याने तो घात दाखवावा. नाही दाखवता आला तर बादरायण संबंध जोडणे थांबवावे. अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ उभी करणारे नरेंद्र दाभोलकर मूळचे साताऱ्याचे. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. दाव्याला चाचणी हवी ही मागणी याच रस्त्यांवरून फिरली आहे, इथल्या श्रोत्यांना ती नवी नाही. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांसोबत ज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली, तेव्हा ज्योतिषांची बरोबर उत्तरे ४६ टक्के निघाली. नाणे उडवले असते तरी निम्मी आली असती. निर्वाताच्या ऊर्जेचे यंत्र सांगणाऱ्यालाही हीच वागणूक द्यावी, ना कमी ना जास्त.

एक आक्षेप माझ्याच बाजूच्या लोकांचा आहे, तो मला अधिक झोंबतो. ते म्हणतात, ‘असली मोजणी परदेशात, आपण फक्त वाचायचे. त्यातून कोयनेच्या भूकंपाचा टापू. पिळाचा तराजू इथे स्थिर राहणार कसा?’ ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप या भागाने सोसला आहे आणि जमीन अजूनही मधूनमधून हलते, हे खरे. पण लॅमोरोंचा तराजू सिएटलमध्ये होता, आणि सिएटल काही भूकंपांपासून सुरक्षित शहर नव्हे. आपल्या देशातही सी. एस. उन्नीकृष्णन आणि जी. राजलक्ष्मी यांनी या शतकाच्या सुरुवातीला कासिमिर बलासाठी पिळाचा तराजू उभा केला होता.

आणि पातळ थरांचे म्हणाल, तर सातारा, सांगली, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांचे शिवाजी विद्यापीठ नेमके त्याच विषयासाठी देशभर ओळखले जाते. विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी तिथे काचेवर थर चढवले, त्यांची जाडी मोजली, खडबडीतपणा मोजला. ओढ मोजायला महागडे यंत्र लागेल, मान्य. पण ओढीच्या मोजणीत आज सगळ्यांच्या पायात अडकलेली गोष्ट आहे ती विजेच्या ठिगळांची. सोन्याच्या थरावर कुठे किती मिलिव्होल्ट, थर कसा चढवला की ठिगळे लहान होतात, थर तापवला की काय होते, हवेत ठेवला तर किती दिवसांत बिघडतो, हे केल्व्हिन प्रोबने मोजता येते. हे काम एमएस्सीच्या प्रकल्पाच्या आवाक्यातले आहे, आणि त्याचे उत्तर पाडोव्हा आणि इंडियानापोलिसच्या लोकांनाही हवे आहे.